सगळं एकाच डब्यात

सकाळी ६.३०
पहिला मेसेज जूचंद्रच्या बाजूचा: ‘नेट गेलं.’ रात्री गटारासाठी जेसीबी चालला होता, त्यामुळे काय झालं असेल याचा अंदाज होताच. खांबावरच्या डब्यात पॉवर मीटर लावला. उणे एकोणीस-वीस यायला हवं तिथे सिग्नलच नाही. लाल लेझर सोडून तुटलेली जागा शोधली. वरचं आवरण सोललं, केसाएवढी काच स्पिरिटने पुसली, क्लीव्हरने सरळ कापली. स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावर दोन्ही टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली आणि जोड बसला.

मी या धंद्यात आलो तेव्हा केबल तुटली की फक्त मालिका चुकायची. टेलिफोनची तांब्याची तार वेगळी होती आणि तिला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळायची. घरात अंधार असला तरी फोन चालू. २०१२ च्या नोव्हेंबरपासून मुंबईत सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला. मग आमच्याकडेही टीव्ही डिजिटल झाला, त्यामागून फायबर आली आणि फोन, टीव्ही, इंटरनेट, कॅमेरे, दाराची बेल हे सगळं भिंतीवरच्या एका डब्यात शिरलं. आज सकाळी त्या एका काचेमुळे चार विंगचं सगळंच बंद होतं.

८.४५
नायगाव पूर्वेच्या एका टॉवरच्या गेटवर गर्दी. ॲप चालत नाही म्हणून वॉचमन दूधवाल्यालाही आत सोडेना. टेबलाच्या खणातून जुनं रजिस्टर काढायला लावलं. बूम बॅरियर हाताने उघडायची चावीही तिथेच सापडली. प्रत्येक गेटवर वही-पेन आणि ही चावी ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो, आणि जिथे नसतील तिथे स्वतः नेऊन ठेवतो.

१०.१५
त्याच टॉवरचं सोसायटी ऑफिस. डीव्हीआर टेबलाखाली धूळ खात पडलेला. राउटर एकच. त्याच्यावर बत्तीस कॅमेरे, शेजारी मेंटेनन्सचा हिशेब असलेला कॉम्प्युटर आणि त्याच कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये भाडेकरूंचे आधार, पॅन, करारनामे. कमिटीला मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून कोणीतरी राउटरचे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून दिलेले. डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच.

“दादा, आम्हाला मोबाइलवर दिसलंच पाहिजे हं,” सेक्रेटरी म्हणाले.

“दिसेल, साहेब. पण बाहेरच्याला दिसता कामा नये.”

त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या आजमावत जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच ऑक्टोबरमध्ये अशा उपकरणांच्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास उघडेनात. दुसरी गोष्ट जवळची आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं, बायकांच्या तपासणीचं चित्रीकरण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. साहेबांची सून गरोदर आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग कामाला लागलो. पोर्ट बंद केले, आपोआप पोर्ट उघडणारं यूपीएनपी बंद केलं, पासवर्ड बदलला, फर्मवेअर नवं टाकलं. युजरच्या यादीत मागच्या कमिटीतल्या चार जणांची नावं होती. त्यांतल्या एकाने फ्लॅटही विकलाय, तरी लॉगिन चालू होतं. डीव्हीआरचं घड्याळ सतरा मिनिटं मागे. उद्या चोरी झाली तर पोलिसांपुढे हे फुटेज काय कामाचं? मॅनेज्ड स्विच लावून कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं काढलं. आता कॅमेऱ्यातून कोणी आत शिरलाच तरी त्याला हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येणार नाही. जोडणं दहा मिनिटांत होतं. वेगळं काढायला दोन तास लागले, आणि आजकाल माझं खरं काम तेच आहे.

एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची आहे. चांगलं झालं. पण भिंतींवर आधीपासून टांगलेल्यांचं काय? ते आपल्यालाच बघायला हवं.

१.३०
डबा, आणि दुकानात थोडी पाठ टेकली.

२.४५
“नेटवाले दादा, माझा फोन बघा ना.” काकूंचा आवाज कापत होता. व्हॉट्सॲपवर गाडीच्या दंडाचं चलन आलं होतं, एपीके फाइल, म्हणजे ॲपच. उघडली, आणि त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली तेव्हा काकूंनी दिली. आता बँकेचे मेसेज दिसत नव्हते.

आधी फोन विमान मोडवर टाकला. मग माझ्या फोनवरून त्यांनाच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर बोलायला लावलं, लगेच बँकेला. पहिल्या तासात तक्रार गेली तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. तक्रार क्रमांक कागदावर लिहून दिला. मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे जाताना तो लागेल.

ओटीपी ही दुसरी चावी म्हणून आली. बँकेचं काम कॉम्प्युटरवर आणि ओटीपी फोनवर, तोवर चोराला दोन ठिकाणी हात घालावा लागायचा. आता बँकेचं ॲप फोनमध्ये, ओटीपी त्याच फोनमध्ये, ईमेल त्याच फोनमध्ये, आधारचा फोटोही तिथेच. दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात अडकवल्या आहेत आपण. काकूंना सुचवलं की बँकेचा नंबर साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. हजार-दीड हजारात येतो.

“मुलगा हसेल,” त्या म्हणाल्या.

“त्यालाही घ्यायला सांगा, काकू.”

५.००
वालीवचा एक छोटा कारखाना. मालकांना मशिनीवरचं उत्पादन घरबसल्या मोबाइलवर बघायचंय, म्हणून मशीन बिलिंगच्याच नेटवर्कला जोडायचं म्हणतात. मी त्यांना न्हावा-शेव्याच्या बंदराचं सांगितलं. २०१७ च्या जूनमध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ व्हायरस पसरला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली आणि आपल्या जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. उरणच्या किनाऱ्यावर कंटेनर अडले ते युक्रेनच्या जमाखर्चामुळे. मालक म्हणाले, “मग नकोच जोडायला?” जोडायचं, पण मशीनकडून आकडा बाहेर यावा, बाहेरून हुकूम आत जाऊ नये, एवढी सोय करून. खर्च सांगितला. विचार करून कळवतो म्हणाले.

८.३०
लोकल भरभरून येतात तशा तक्रारी येतात. स्लो आहे, मॅच अडकते, वायफायचा पासवर्ड विसरलो. बहुतेक फोनवरच मिटल्या. पाहुण्यांना घरचा पासवर्ड देऊ नका, गेस्ट नेटवर्क चालू करा, हे तिघांना सांगितलं. एकाने लगेच केलं.

१०.१५
सकाळच्या सेक्रेटरींचा फोन. लिफ्टची कंपनी लिफ्टचा कंट्रोलर सोसायटीच्या वायफायला जोडायला मागते, बिघाड दुरून कळावा म्हणून. मी म्हटलं, कळू दे, पण त्याला स्वतंत्र सिम घ्या, सोसायटीचं वायफाय नको. लिफ्टमधली धोक्याची बेल मात्र बॅटरीवर, तारेने थेट वॉचमनच्या केबिनपर्यंत राहिली पाहिजे. ॲपवर न्यायची नाही. “लेखी द्याल का?” त्यांनी विचारलं. लिहायला घेतलंय. सकाळी अकराला लिफ्टवाल्यांबरोबर मीटिंग आहे.