रोमानियाच्या शाही सैन्यातले ‘परके’

रोमानियाच्या शाही सैन्याचा पहिला सर्वोच्च अधिपतीच मुळात परदेशी होता. 1866 मध्ये गादीवर आलेला कारोल पहिला हा जर्मन होहेनत्सोलेर्न घराण्यातला, प्रशियाच्या सैन्यात तयार झालेला अधिकारी. त्याच्या सैन्याची वैद्यकीय सेवा उभी केली ती कारोल दाविला यांनी. इटलीतल्या पार्मा इथे जन्मलेले आणि पॅरिसमध्ये शिकलेले हे डॉक्टर 1853 मध्ये बुखारेस्टला आले आणि तिथलेच झाले. अशा तज्ज्ञांना देशाचे दार सताड उघडे होते. देशातच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ज्यूंची गोष्ट वेगळी होती.

1866 च्या राज्यघटनेने ख्रिस्ती नसलेल्यांना नागरिकत्व नाकारले. सैन्यभरतीतून मात्र ज्यू तरुणांची सुटका नव्हती. 1877 मध्ये तुर्की सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात प्लेव्हनाजवळचा ग्रिवित्सा हा बुरूज घेताना रोमानियाची प्रचंड हानी झाली. त्या हल्ल्यात जखमी झालेला मॉरिचियु ब्रोचिनेर हा ज्यू सार्जंट शौर्यपदक मिळवून पुढे अधिकारी झाला. युद्धानंतर बर्लिन परिषदेत बड्या सत्तांनी स्वातंत्र्य मान्य करण्यासाठी अट घातली, की धर्मावरून भेद करायचा नाही. रोमानियाने 1879 मध्ये घटना बदलली खरी, पण युद्धात लढलेल्या 883 ज्यूंनाच एकगठ्ठा नागरिकत्व दिले. बाकीच्यांनी एकेकट्याने संसदेकडे अर्ज करायचा होता, आणि तो फार थोड्यांचा मंजूर झाला. थोडक्यात, अट कागदावर पाळली गेली. सैन्यात हजेरी लावणारे हजारो ज्यू पुढची चाळीस वर्षे कायद्याने परकेच राहिले.

ऑगस्ट 1916 मध्ये रोमानिया पहिल्या महायुद्धात उतरला आणि डिसेंबरात राजधानी गमावून बसला. मोल्दाव्हियात मागे सरलेल्या सैन्याची नव्याने बांधणी केली ती जनरल आंरी बेर्तेलो यांच्या फ्रेंच लष्करी पथकाने. त्याच सुमारास आणखी एका तऱ्हेचे परके सैन्यात आले. ट्रान्सिल्व्हेनियातले हे लोक भाषेने आणि मनाने रोमानियन, पण कागदोपत्री ऑस्ट्रिया-हंगेरीची प्रजा होते. रशियाने युद्धकैदी केलेल्या या सैनिकांनी 1917 मध्ये कीवजवळच्या दार्नित्सा छावणीत रोमानियाच्या बाजूने लढण्याची घोषणा केली. शत्रूच्या हाती पडल्यास देशद्रोही म्हणून फाशी, हे ठाऊक असूनही ते आले.

1918 नंतर ट्रान्सिल्व्हेनिया, बुकोव्हिना आणि बेसारेबिया जोडले गेले आणि देशाचा चेहराच बदलला. 1930 च्या जनगणनेत रोमानियन लोक सुमारे 72 टक्के भरले. उरलेल्यांत हंगेरियन, जर्मन, ज्यू, युक्रेनियन, रशियन, बल्गेरियन, रोमा, तुर्क आणि तातार होते. ज्यूंना 1923 च्या घटनेने अखेर समान नागरिकत्व दिले. आर्तूर फ्लेप्स हा ट्रान्सिल्व्हेनियातला सॅक्सन जर्मन, आधी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होता. तो रोमानियाच्या सैन्यात आला, पर्वतीय दलात नावाजला आणि जनरल झाला.

ज्यूंनी मिळवलेले सगळे 1940 मध्ये उलटे फिरले. 1 जुलैला दोरोहोई गावात एका ज्यू सैनिकाची अंत्ययात्रा निघाली होती. सोव्हिएत सैन्याशी झालेल्या चकमकीत आपल्या कॅप्टनला वाचवताना तो पडला होता. दफनभूमीत मानवंदना द्यायला ज्यू सैनिकांचीच तुकडी उभी होती. रोमानियन सैनिकांनी तिला निःशस्त्र करून गोळ्या घातल्या आणि मग गावातल्या ज्यूंची कत्तल झाली. त्या वर्षीच्या डिसेंबरात ज्यूंना सैन्यसेवेतून कायद्यानेच वगळण्यात आले. बदल्यात त्यांच्यावर लष्करी कर आणि सक्तीची मजुरी लादली गेली. 1942 मध्ये सुमारे 25,000 रोमांना ट्रान्सनिस्ट्रियात हद्दपार केले गेले. आघाडीवर लढणाऱ्या काही रोमा सैनिकांची कुटुंबेही त्यात सापडली.

जर्मन अल्पसंख्याकांचे उलटेच झाले. मे 1943 मध्ये रोमानियाचे अंतोनेस्कू सरकार आणि जर्मनी यांच्यात करार झाला, आणि रोमानियाच्या जर्मन नागरिकांना जर्मनीच्या वाफेन-एसएसमध्ये जाण्याची मुभा मिळाली. हजारो जण गेले. फ्लेप्स त्याआधीच, 1941 मध्ये, तिकडे दाखल झाला होता आणि तिथेही जनरल बनून सप्टेंबर 1944 मध्ये अरादजवळ मारला गेला. तोवर जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या रोमानियाने पक्ष बदलला होता. म्हणजे तो मेला तेव्हा ज्या सैन्यात त्याची कारकीर्द घडली, तेच त्याच्या शत्रूपक्षात होते. डिसेंबर 1944 मध्ये ज्यूंचे हक्क कायद्याने परत मिळाले. राजा मिहाय याने 30 डिसेंबर 1947 रोजी पदत्याग केला आणि शाही सैन्य इतिहासजमा झाले.