सौर पंपाचीं पॅनेल आणि उसाची सावली

कोल्हापूर जिल्ह्यांतील शेतांत आतां सौर पंप दिसूं लागले आहेत. केंद्र सरकारची पीएम-कुसुम योजना 2019 सालीं निघाली व राज्य सरकारची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 सालीं. राज्याच्या योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यास किंमतीचा दहा टक्केच हिस्सा भरावा लागतो. पंप असा स्वस्तांत मिळाला, तरी पॅनेलांची जागा ठरवितांना सावलीचा विचार करणारे थोडेच आढळतात.

जुन्या पद्धतीच्या पॅनेलांत बहुधा 72 सेल एकापुढें एक असे माळेनें जोडलेले असतात, आणि पॅनेलहि एकमेकांस तसेंच जोडतात. माळेंतून प्रवाह एकच वाहतो. म्हणून एक सेल सावलींत गेला कीं, औताचा एक बैल अडल्याप्रमाणें, बाकीच्यांचेंहि बळ फुकट जातें. इतकेंच नव्हे, तर अडलेला सेल इतरांची वीज खाऊन तापतो. हें टळावें म्हणून पॅनेलामागील डबींत तीन बायपास डायोड असतात. एकेक डायोड 24 सेलांचा गट सांभाळतो व सावली आल्यास प्रवाहास बगलेनें वाट देतो. हातभर सावलीनें पॅनेलाची तिसऱ्या हिश्शाची वीज जाते ती अशी. उभ्या पॅनेलाच्या खालच्या कडेवर आडवी सावली पडल्यास तिन्ही गट एकदम जातात. तेंच पॅनेल आडवें असल्यास खालचा एकच गट जातो. हाफ-कट म्हणून जीं नवीं पॅनेल येतात, त्यांत उभ्या मांडणींतहि वरचा अर्धा भाग चालू राहतो. निवड हातीं असल्यास तींच घ्यावीं.

आपल्याकडे झाडापेक्षां उसाचाच उपद्रव अधिक. आडसाली लावण जुलै-ऑगस्टांत होते. दुसऱ्या हिवाळ्यांत तो ऊस दहा-बारा फूट उभा असतो, आणि नेमका तेव्हांच सूर्य दक्षिणेस कललेला असतो. 22 डिसेंबरास कोल्हापुरीं सूर्य मध्यान्हींहि सुमारें 50 अंशच वर येतो. सकाळीं साडेनवाच्या सुमारास तो अवघा 30 अंशांवर असतो व सावली उंचीच्या 1.7 पट, वायव्येकडे पडते. पॅनेलाची खालची कड चार फूट व ऊस अकरा फूट धरल्यास वरच्या सात फुटांची सावली बारा फूट जाते. यास्तव पूर्व, दक्षिण व पश्चिम या बाजूंस बारा फूट, म्हणजे चार फुटी तीन सऱ्या, ऊस न लावतां भुईमूग किंवा हरभरा घ्यावा. तीन सऱ्या सोडणें कित्येकांच्या जिवावर येईल. परंतु ऐन हिवाळ्यांत सकाळचें पाणी गमावण्यापेक्षां तें परवडतें.

बांधावर नारळ असल्यास हिशेब निराळा. चाळीस फुटी नारळाची सावली त्याच वेळीं साठ फुटांवर पोंचते. बांधावरचा आंबा, फणस वा चिंच मात्र परस्पर तोडूं नये. त्यास 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणें परवानगी लागते, शिवाय बांध सामाईक असल्यास शेजाऱ्याशीं कज्जा ठरलेलाच. त्यापेक्षां पॅनेलच हलवावीं.

सावली टळण्यासारखी नसेल व पॅनेलांच्या दोन माळा असतील, तर सावलींत येणारीं पॅनेल एकाच माळेंत घालण्यास बसविणाऱ्यास सांगावें. दुसरी माळ बरीचशी मोकळी राहते. हें काम स्वतः करूं नये, कारण माळेंत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो.

गुऱ्हाळाजवळ पॅनेल असल्यास चुलवाणाची काजळी हीहि सावलीच समजावी. पॅनेल थंड असतांना, सकाळीं लवकर, साध्या पाण्यानें व मऊ फडक्यानें तीं पुसून घ्यावीं.