मुलांना युकुलेले भेट द्यायचंय? दुकानात जाण्याआधी एवढं बघून घ्या

दहावीचा निकाल लागला की मोबाईल नाहीतर सायकल, हे ठरलेलंच. पण आता तालुक्याच्या गावातली पोरंसुद्धा रील बघून 'युकुलेले पाहिजे' म्हणायला लागली आहेत. आई-वडिलांना प्रश्न पडतो, हे नेमकं काय? गिटारचं खेळणं की खरं वाद्य?

वाद्य खरंच आहे. चार तारांचं, नायलॉनच्या तारांचं आणि दप्तराशेजारी मावेल एवढं. त्याचा जन्म मात्र उसाच्या मळ्याशी जोडलेला आहे. 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर जहाजाने हवाईला आले, तिथल्या उसाच्या मळ्यांवर कामाला. सोबत त्यांची छोटी तंतुवाद्यं होती. त्याच जहाजातून आलेल्या तीन सुतारांनी पुढे होनोलुलूत अशी वाद्यं बनवून विकायला सुरुवात केली. राजा कलाकौआ यांना ती आवडली आणि दरबारात पोहोचली. नावाचा अर्थ 'उडी मारणारी पिसू' असा सांगतात. राणी लिलिउओकलानी यांना मात्र 'इथवर आलेली भेट' हा अर्थ जास्त पसंत होता.

लोकांना ते आवडण्याचं कारण साधं आहे. गिटारच्या लोखंडी तारांनी नवशिक्याची बोटं सोलवटतात आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते. युकुलेलेला तारा कमी आणि मऊ. सी कॉर्डला एकच बोट लागतं, ए मायनरलाही एकच, एफला दोन. पहिल्याच संध्याकाळी पोरगं काहीतरी वाजवून दाखवतं, आणि गाता गाता वाजवता येतं. मात्र सतारीसारखी लांब मींड यातून निघणार नाही. शास्त्रीय शिकायचं असेल तर पेटी किंवा बासरीच बघावी.

आता खरेदी. साधारण 21 इंची सोप्रानो, 23 इंची कॉन्सर्ट, 26 इंची टेनर आणि 30 इंची बॅरिटोन असे चार आकार मिळतात. लहान मुलांना सोप्रानो ठीक. हायस्कूलच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना कॉन्सर्ट घ्यावा, कारण सोप्रानोवर जाड बोटं एकमेकांत अडकतात. बॅरिटोन भेट म्हणून नकोच. त्याच्या तारा वेगळ्या सुरात लावतात, त्यामुळे व्हिडिओ बघून शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

पैसे वाया जातात ते खेळण्याच्या दुकानातल्या रंगीत प्लास्टिकच्या युकुलेलेवर. खुंट्या ढिल्या, पडदे चुकीच्या जागी. पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो नाद सोडतो. दोनशे रुपये वाचवून एवढं नुकसान कशाला? तपासायला सोपं आहे. मोबाईलवर फुकट मिळणारं ट्यूनर ॲप उघडा, तार मोकळी वाजवा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. दोन्ही वेळा एकच स्वर दिसला पाहिजे, फक्त वरच्या सप्तकातला. बराच फरक दिसला तर वाद्य परत ठेवा. खुंट्या दातेरी चक्राच्या असाव्यात, सूर टिकतो. कडेने हात फिरवा, पडद्यांची टोकं बोटाला लागायला नकोत.

पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात किती तापतं हे सांगायला नको. अशा ठिकाणी महागड्या अखंड लाकडापेक्षा थर चिकटवून बनवलेलं, म्हणजे लॅमिनेटचं युकुलेले बरं. ते लवकर तडकत नाही. तरी पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

ऑनलाईन मागवलं तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा, कुरियरच्या आदळआपटीत मान तडकलेली असू शकते.

आणि घेतल्यावर दोन दिवसांत 'सूर उतरतोय, खराब माल दिला' म्हणून भांडायला जाऊ नका. नायलॉनच्या नव्या तारा ताणल्या जातात, त्यामुळे पहिला आठवडाभर सूर उतरतोच. रोज वाजवण्याआधी जी, सी, ई, ए असं लावून घ्यायचं. तार तुटली तर युकुलेलेचीच घ्या. गिटारची लोखंडी तार बसवली तर ताणाने पूलच उखडून येतो. गावात युकुलेलेचा मास्तर नसला तरी गिटार शिकवणारा चालतो, हाताची ठेवण बरीच सारखी आहे. मूल डावखुरं असेल तर दुकानदाराला आधीच सांगा, तारा उलट्या क्रमाने लावून मिळतात.