४४६ बाइटांवर उभा डोलारा

संगणकाचं बटण दाबलं की प्रोसेसर जागा होतो, पण समोरची मेमरी रिकामीच असते. १६ जीबी, म्हणजे सुमारे १,७१८ कोटी बाइटांची जागा, आणि त्यात विंडोज किंवा लिनक्सचा मागमूसही नाही. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर आहे आणि डिस्कवरच्या फाइली वाचायचं ज्ञान त्या सिस्टीमकडेच आहे. ही कोंडी फोडतो बूटलोडर.

जुन्या पद्धतीत मदरबोर्डवरच्या चिपमधला ‘बायोस’ हा प्रोग्राम डिस्कचा फक्त पहिला सेक्टर उचलतो: ५१२ बाइट. त्यातले ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदींना जातात, शेवटचे २ खुणेसाठी. बूटलोडरच्या वाट्याला उरतात ४४६. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे १४८ चिन्हांत जागा संपली! १ टीबी डिस्कचा हा २२४ कोटीवा हिस्सा.

एवढ्याशा जागेत फाइल वाचण्याची अक्कलही मावत नाही. म्हणून लिनक्सवाल्यांच्या ‘ग्रब’ या बूटलोडरचा हा पहिला तुकडा एकच गोष्ट जाणतो: पुढचा तुकडा कोणत्या सेक्टरवर आहे. पुढच्या तुकड्यासाठी पहिल्या विभागाआधीचे ६२ सेक्टर, म्हणजे ३१,७४४ बाइट, रिकामे असत. तिथून ग्रबला फाइली दिसू लागतात. तो मेन्यू दाखवतो, विंडोज की लिनक्स ते विचारतो, नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बिघडला तर जुना निवडू देतो, अडल्यास हाताने कमांडही घेतो. डेबियनमध्ये हा मेन्यू ५ सेकंद थांबतो. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे १,५०० कोटी ठोके पडतात. मग कोटीच्या घरातले बाइट असलेला कर्नल मेमरीत चढवून ग्रब बाजूला होतो.

पहिल्या सेक्टरमधल्या त्या चार नोंदींतले सेक्टर क्रमांक ३२ बिटांचे. त्यामुळे २.२ लाख कोटी बाइटांपलीकडची डिस्क त्यांना पेलत नाही. नव्या जीपीटी पद्धतीचे क्रमांक ६४ बिटांचे. तिची मर्यादा ९४४ कोटी टीबी! बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयच्या सिक्युअर बूटमध्ये तर बूटलोडरची सही आधी तपासली जाते. ती सही तपासणाऱ्या २०४८ बिटांच्या किल्लीमागची संख्या ६१७ अंकी असते.

जुन्या डिस्कवर ते ६४ बाइट पुसले गेले, तर टेराबाइटभर माहिती जागच्या जागी असूनही संगणकाला सापडत नाही. म्हणून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्यापूर्वी बॅकअप घ्याच, आणि त्यात पहिला सेक्टरही असू द्या.