हिरवा दगड आणि तांब्याची खाण

वाशीम जिल्ह्यात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कधी शेवाळी हिरवा, मऊ थर लागतो आणि खाली तांबे असल्याची चर्चा सुरू होते. हा थर बहुधा सेलाडोनाइट या खनिजाचा असतो. त्याचा हिरवा रंग लोहामुळे येतो, तांब्यामुळे नव्हे. सोबतच्या गारगोट्या आणि झिओलाइटचे पांढरे स्फटिक हेही दख्खनच्या बेसाल्टमध्ये जागोजागी सापडतात.

जगातील निम्म्याहून अधिक तांबे पोर्फिरी प्रकारच्या साठ्यांतून येते. ते ज्वालामुखीशी निगडित असतात, म्हणून लाव्हाच्या प्रदेशात तांबे असणारच, असा तर्क केला जातो. तो टिकत नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर येऊन पसरला. त्यात पाणी फार कमी होते. पोर्फिरी साठ्याला मात्र पाण्याने समृद्ध शिलारस लागतो. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, तिथे असा शिलारस तयार होतो. चिलीतील अँडीज पर्वत हे त्याचे ठळक उदाहरण. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस थिजू लागला की त्यातून अतितप्त, खारे पाणी वेगळे होते, दाबाने भोवतालचा खडक फोडते आणि तांबे व गंधक घेऊन भेगाभेगांत शिरते. ते निवताना चाल्कोपायराइट हे पितळी रंगाचे खनिज साचते. बारीक शिरांच्या या जाळ्यात मॉलिब्डेनम आणि कधी सोनेही मिळते.

खाणीत तांब्याचे घट्ट पट्टे असतात, हीसुद्धा चुकीची कल्पना आहे. पोर्फिरी धातुकात तांबे अनेकदा एक टक्क्याहूनही कमी असते. अर्धा टक्का धरला तर एक टन दगडात पाच किलो. बेसाल्टच्या एका टनात ते साधारण शंभर-दोनशे ग्रॅमच असते, तेही खडकभर विखुरलेले. पोर्फिरी साठ्याचे मोल टिकते ते त्याच्या प्रचंड आकारामुळे.

असे साठे केवळ परदेशातच आहेत, असेही नाही. गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड आहे. तिथली हिंदुस्थान कॉपरची खुली खाण १९८२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. तिथला ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांचा आहे. अनेक संशोधक हा साठा पोर्फिरी प्रकारचा मानतात, पण धातुक मुख्यतः गारेच्या लांब पट्ट्यात असल्याने त्यावर मतभेद आहेत. पोर्फिरी साठे सहसा तरुण असतात, कारण ते पृष्ठभागाजवळ बनतात आणि धूप त्यांना खाऊन टाकते. म्हणूनच इतका जुना साठा टिकून राहणे विलक्षण ठरते.

मग बेसाल्टच्या खाली काय? किल्लारी परिसरात १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविहिरीत सुमारे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपून प्राचीन स्फटिकी खडक लागला. वाशीमखालीही जुने खडक असणारच, पण जुना खडक म्हणजे धातुक नव्हे. खोल वेधन आणि रासायनिक विश्लेषणाशिवाय तिथे तांबे असल्याचे म्हणता येत नाही. शंका असल्यास नमुना नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाला दाखवावा. केवळ हिरव्या रंगावर विसंबून खोदकामावर पैसे घालू नयेत.