‘कर’ म्हणजे वतन नव्हे

गडबच्या एका लग्नघरी, पंगत उठून विड्याचे तबक फिरू लागले असता, एका वयोवृद्ध पाहुण्यांनी “नागोठणे पूर्वी आमच्या वतनात होते, म्हणून तर आम्ही नागोठणेकर” असे अभिमानाने सांगितले आणि भोवतालच्या सुशिक्षितांनी माना डोलावल्या. पेण-रोह्याच्या परिसरात हे विधान मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते निमूटपणे ऐकून घेणे मला अशक्य झाले आहे.

‘कर’ हा प्रत्यय स्वामित्व सांगत नाही; मनुष्य कोठला, एवढेच सांगतो. जेथे सारेच गडबचे, तेथे कोणास गडबकर म्हणण्याचे प्रयोजन काय? गाव सोडून परमुलखी गेलेल्यासच तेथील लोक मूळ गावावरून ओळखतात. ज्यांच्याकडे खरोखर वतन होते, त्यांस पाटील, कुलकर्णी, देशमुख ही अधिकारवाचक नावेच पुरत. इंग्रजांतील ‘वुड’ किंवा ‘हिल’ घराण्याचा मूळ पुरुषही वनाचा वा टेकडीचा धनी असावा लागत नसे. तो त्यांच्या आसपास राहत असे, इतकेच.

याचा सबळ पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल लोक पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर झाले. मुंबईत 1796 साली सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल दिवेकर याच समाजाचे. ही सारी गावे या घाणेवाल्यांना इनाम मिळाली होती, असे कोण म्हणेल?

गैरसमजाचे मूळ संस्थानिकांच्या व्यवहारात असावे. सांगलीच्या अधिपतींस लोक सांगलीकर म्हणत; परंतु त्यांचे आडनाव पटवर्धनच राहिले.

‘कर’ म्हणजे महसूल, हा तर्क निराधार आहे. तसे असते तर आजचा प्रत्येक पुणेकर वसुली कारकून ठरता. हा प्रत्यय इंग्रजांनी रूढ केला हेही खोटे, कारण होळ गावचे होळकर इंग्रजी अंमलापूर्वीचे. आणि तो एका जातीचा नव्हे, हे वरील उदाहरणांतून दिसतेच.

आडनावातील गाव अवश्य पाहून यावे, तेथील वृद्धांशी बोलावे. मात्र वतनाचा दावा करण्यापूर्वी सनद किंवा इनामाचा कागद हाती असावा, एवढी वाचकांस विनंती आहे.