राजमल लखीचंद : खानदेशातील एका सराफपेढीचा परिचय

अमळनेरास स्वतःचा सराफ बाजार आहे, आणि बाळाचे वाळे, दागिन्यांची डागडुजी किंवा अडीअडचणीचे गहाण एवढ्यापुरते त्यावर भागतेही. परंतु घरात सुपारी फुटली आणि मुलीच्या अंगावर काय घालावयाचे याची यादी झाली, म्हणजे धरणगाव-पाळधीवरून जाणारी गाडी धरून जळगाव गाठावयाचे, हा या तालुक्यातील अनेक कुटुंबांचा जुना शिरस्ता आहे. जळगावास सुवर्णनगरी हे बिरूद मिळाले ते अशा गिऱ्हाइकांमुळे, आणि त्या बिरुदाच्या मुळाशी जी पेढी आहे ती बालाजी पेठेतील राजमल लखीचंद.

पेढीची स्थापना 1854 सालची. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. पुढल्या दशकात लोहमार्ग खानदेशात पोचला, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा होऊन खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसास कधी स्वप्नातही न आलेला भाव आला. 1861 ते 1865 या वर्षांत जो पैसा या प्रांती ओतला गेला, तो ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न कुणब्यापुढे उभा राहिला. कारण गावात बँक नव्हती, सावकाराच्या वहीवर विश्वास नव्हता, आणि जमिनीत पुरलेल्या रुपयांना वाढ नव्हती. उरले ते सोने, आणि त्यासाठी वाट होती सराफपेढीची. 1900 च्या सुमारास रेल्वेने अमळनेर एकीकडे सुरतेशी आणि दुसरीकडे जळगावाशी जोडले गेले, तेव्हा बोरीकाठच्या शेतकऱ्यासही ही पेठ एका दिवसाच्या टप्प्यात आली.

सराफपेढीस आपण दुकान म्हणतो. वास्तविक कोरडवाहू मुलखात ती शेतकऱ्याची तिजोरी असते. कापसाचे पैसे हाती आले की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोत किंवा पाटल्या घ्यावयाच्या, आणि पाऊस लांबला वा दुबार पेरणीची वेळ आली की त्याच पाटल्या घेऊन त्याच पेढीची पायरी चढावयाची, हा व्यवहार चालतो तो एका अलिखित हमीवर : जी पेढी विकते तीच परत घेईल, आणि परत घेताना कसात खोट काढणार नाही. काळ्या दगडाच्या कसोटीवर ओढलेली रेघ वाचणारी नजर गिऱ्हाइकापाशी नसते. ती सराफापाशी असते. म्हणून पेढीचे नाव हाच दागिन्याचा दाखला. घराण्याची मालकी या धंद्यात टिकली याचे कारण मला येथे दिसते; आजोबाने विकलेल्या एकदाणीचा जाब नातवास द्यावा लागतो, आणि तो देता येण्यासाठी पाटीवरचे नाव तेच असावे लागते.

येथे अमळनेरपुरती एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. 1945 साली याच गावी वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला त्याचे पुढे विप्रो झाले, आणि ज्या घरांनी त्या कंपनीचे भाग सांभाळून ठेवले ती घरे कोट्यधीश झाली. कागदाने सोन्यावर अशी मात केलेली डोळ्यांदेखत पाहूनही या गावाने लग्नातील सोने सोडले नाही. यात अडाणीपणा पाहणाऱ्यांशी माझा मतभेद आहे; भाग स्त्रीच्या नावावर असेल किंवा नसेल, पोत मात्र तिच्या गळ्यात असते.

या धंद्यावर सर्वांत मोठे संकट आले ते सरकारी हुकुमाने. चीन-युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी केले, आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. बावनकशी सोन्याची महती ज्या समाजाच्या तोंडी आहे त्याने चौदा कॅरट पत्करावे, ही कल्पना कचेरीत बसूनच सुचू शकते. देशभर लक्षावधी सुवर्णकारांचे हात रिकामे झाले. कसाचे बंधन 1966 मध्ये उठले खरे, परंतु 1968 च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि तपासनिसांचा फेरा कायम राहिला. लगड किंवा बिस्किट घरी बाळगणे हाही गुन्हाच होता. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला.

नवल असे की या निर्बंधांच्या ऐन काळात, 1974 साली, जळगावात दुसरे नामांकित घर उभे राहिले. रतनलाल बाफना हे मारवाडातील भोपाळगढचे. राजमल लखीचंद यांच्याच पेढीत नोकरी करून त्यांनी धंद्याचे शिक्षण घेतले, आणि मग स्वतःचे दुकान थाटले. शाकाहाराचा प्रचार आणि कुसुंबा येथील ‘अहिंसा तीर्थ’ ही गोशाळा यांमुळे सोने न घेणाऱ्यांनाही ते ठाऊक झाले. 16 नोव्हेंबर 2020 रोजी ते निवर्तले. जुन्या पेढीतून असा तुल्यबळ स्पर्धक निपजावा, हा तिच्या तालमीचा गौरवच होय.

जुन्या पेढीचा अलीकडचा काळ मात्र निष्कंटक गेलेला नाही. 2023 साली बँककर्जाच्या प्रकरणी सक्तवसुली संचालनालयाने तिच्या जागांची झडती घेतली, हे वृत्तपत्रांतून सर्वांस विदित आहे. त्याचा निवाडा हा न्यायासनाचा विषय, परिचयलेखाचा नव्हे. परंतु ज्या पेढीची हयात लोकांच्या विश्वासावर गेली तिच्या इतिहासात हे प्रकरण गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

याच सुमारास आणखी एक पालट घडला. जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरअंकांची स्वतंत्र ओळख कोरलेली असणे आवश्यक ठरले. कसाची जी साक्ष घराण्याचे नाव देत असे ती आता शासनाचा शिक्का देतो, आणि हे इष्टच झाले. कारण नावावरचा विश्वास लहान गावच्या प्रामाणिक पण अप्रसिद्ध सराफास कधीच न्याय देत नव्हता. मात्र शिक्का बोलतो तो धातूच्या शुद्धतेपुरता. घडणावळ किती लावली, खड्यांचे वजन सोन्यात धरले काय, आणि मोड म्हणून परत आणल्यास किती घट कापणार, याविषयी तो मूक आहे.

तेव्हा येत्या आखाजीस जळगावास जा किंवा अमळनेरच्याच बाजारात बसा, दागिन्यावरील ओळखक्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर ताडून पाहा, घडणावळ आणि घट या दोन्ही गोष्टी आधी विचारा, आणि वजन, कस व मजुरी निरनिराळी मांडलेली पक्की पावती हातात पडल्याखेरीज पेढीची पायरी उतरू नका.